पित्याच्या शोधात निघालेले पुत्र

चीनमध्ये एक राजघराणे लयास गेले म्हणजे त्याच्या जागी आलेल्या घराण्याने आधीच्या घराण्याचा अधिकृत इतिहास लिहून काढावा, अशी फार जुनी परंपरा होती. मिंग घराण्याचा असा इतिहास १७३९ साली पुरा झाला. त्यात सम्राट आहेत, सेनापती आहेत, ग्रहणे आणि महापूर आहेत. परंतु आम्हांस त्यातील जे प्रकरण सर्वांत अधिक भावते ते पितृभक्त पुत्रांच्या चरित्रांचे. एरवी ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात राहिली नसती, अशी साधी माणसे तेथे सेनापतींच्या पंक्तीस येऊन बसली आहेत.

त्यांपैकी एक वांग युआन. बीजिंगच्या दक्षिणेस असलेल्या वनआन परगण्यातला हा मुलगा. सोळाव्या शतकाच्या प्रारंभीची, चंग-द सम्राटाच्या कारकिर्दीतील (१५०६-१५२१) ही हकीकत आहे. मुलगा अगदी तान्हा असताना त्याचा बाप वांग श्युन घर सोडून निघून गेला. दारिद्र्य होतेच, त्यात सरकारी वेठीचा बोजा असह्य झाला होता. मुलगा कळता झाल्यावर त्याने आईला विचारले, आईने खरे ते सांगितले. मग त्याने काय केले? गावाच्या हमरस्त्यावर खाणावळ थाटली. दूरदेशीचा प्रवासी आला की त्याला जेवू घालावे आणि बापाचे नाव, वय, चेहरेपट्टी सांगून विचारावे, असा माणूस कोठे पाहिलात काय? काहीच पत्ता लागला नाही. पुढे त्याचे लग्न झाले आणि महिन्याभरातच तो आईच्या पाया पडून बापाच्या शोधासाठी बाहेर पडला. आईने त्याला वीसएक वर्षांची आठवण करून दिली. तो माणूस जिवंत आहे की नाही हेही कोणास ठाऊक नव्हते.

शानतुंग प्रांतात तो कित्येक वर्षे उत्तर-दक्षिण भटकला. एका बेटावरील देवळात त्याला स्वप्न पडले. भर दुपारची वेळ आहे आणि तो भाताबरोबर एका कंदाचा रस्सा खात आहे. एका वृद्धाने त्याचा अर्थ सांगितला. दुपार म्हणजे दक्षिण दिशा. आणि त्या रश्श्याच्या चिनी नावाचा उच्चार ‘पितापुत्रांची भेट’ ह्या शब्दांसारखाच होतो. तेव्हा दक्षिणेस जा. मुलगा दक्षिणेस गेला. हुई परगण्यात डोंगरावर एक बौद्ध मठ होता. हिमवृष्टी होत असताना तो रात्रभर त्या मठाच्या दाराबाहेर निजला. सकाळी एका भिक्षूने त्याला पाहिले, विचारपूस केली आणि कणव येऊन आत नेऊन पेज दिली. मठाच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे एक म्हातारा बसलेला होता. भिक्षूस तो मूळचा वनआनचा असल्याचे ठाऊक होते. तुझ्या गावचा एक तरुण बापाला शोधीत आला आहे, ओळखतोस का बघ, असे त्याने म्हाताऱ्यास सांगितले. दोघे समोरासमोर आले, परंतु एकमेकांस ओळखीनात. म्हाताऱ्याने बापाचे नाव विचारले, ते त्याचे स्वतःचेच निघाले.

आम्हांस ह्यापुढील भाग विशेष वाटतो. म्हातारा रडला, पण घरी यावयास तयार होईना. बायकोला टाकून आलो, आता कोणत्या तोंडाने परत जाऊ, असे तो म्हणू लागला. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला येथे उलटा झाला आहे. दूरदेशी गेला तो बाप, वाट पाहिली ती मुलाने. आणि परत येण्याची लाज वाटते तीही बापालाच. अखेरीस भिक्षूंनीच त्याची समजूत घातली आणि त्याला मुलाबरोबर परत पाठविले. पुढे ह्या वंशात अनेक सरकारी अधिकारी झाले, हे नमूद करावयास इतिहासकार विसरलेला नाही. ज्या सरकारच्या वेठीने बाप परागंदा झाला त्याच सरकारात नातू-पणतू नोकरीस लागले, ह्यातील विरोध मात्र त्याच्या ध्यानात आलेला दिसत नाही. किंवा आला असेल आणि तो शहाणपणाने गप्प राहिला असेल.

अशा कथा आणखीही आहेत. सुंग काळातील चू शौछांग ह्याने पन्नास वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या आईला शोधण्यासाठी अधिकारपद सोडले, असे सांगतात. सूचौ शहरातील हुआंग श्यांगच्येन हा मिंग राज्य कोसळल्यावर दूर यूनानात अडकून पडलेल्या आपल्या अधिकारी पित्याला आणावयास १६५२ साली पायी निघाला आणि १६५३ मध्ये आईवडिलांस घेऊन परतला. त्याने त्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली, वाटेतले डोंगर चितारले आणि त्याच्यावर नाटकही रचले गेले. ह्या सर्व कथांचा शेवट एकच : जो मनापासून शोधतो त्यास माणूस सापडते.

आता चारशे-पाचशे वर्षे ओलांडून २००३ सालाकडे येऊ. त्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘मांग जिंग’, म्हणजे ‘आंधळी खाण’, ह्या चिनी चित्रपटास कलात्मक कामगिरीबद्दलचे रौप्य अस्वल मिळाले. दिग्दर्शक ली यांग हे १९५९ साली शीआन येथे जन्मलेले आणि जर्मनीत चित्रपटकला शिकलेले. सरकारी स्टुडिओचे पाठबळ नाही, परवानगी नाही, नावाजलेले नट नाहीत. तुटपुंज्या पैशांत, हपै व शान्शी प्रांतांच्या सीमेवरील खऱ्याखुऱ्या कोळसाखाणींत, जमिनीखाली उतरून हे चित्रण झाले. चीनमध्ये त्यावर बंदी आली. तेथील लोकांनी तो चोरट्या तबकड्यांवरच पाहिला.

अशा विनापरवाना चित्रपटांची वाट चीनमध्ये चांग युआन ह्या तरुण दिग्दर्शकाच्या ‘मामा’ (१९९०) ह्या चित्रपटाने पडली असे मानतात. मतिमंद मुलाला एकटीने वाढविणाऱ्या आईची ती कथा होती. त्याच चांग युआनने पुढे ‘पुत्र’ (१९९६) ह्या चित्रपटात एका खऱ्या कुटुंबालाच स्वतःच्या भूमिका करावयास लावल्या. त्यातील मद्यपी बाप प्रत्यक्षातही बापच होता, आणि त्याला मनोरुग्णालयातून आणून कॅमेऱ्यापुढे उभे केलेले होते. त्याआधी १९९३ मध्ये त्यान च्वांगच्वांग ह्यांच्या ‘निळा पतंग’ ह्या चित्रपटाला तोक्यो महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. त्यातील लहानग्याचा बाप, मग दुसरा बाप, मग सावत्र बाप, एकापाठोपाठ एक राजकीय मोहिमांच्या वरवंट्याखाली नाहीसे होतात. १९९४ साली सरकारने सात चित्रपटकारांना काम करण्यास मनाई केली. त्यांत हे दोघेही होते. बापाचा विषय सत्तेला इतका झोंबावा ह्यात नवल नाही. जी सत्ता स्वतःलाच सर्वांचा बाप समजते तिला घरातला बाप कोठे गेला, हा प्रश्न आवडत नाही.

‘आंधळी खाण’मधील मुलाचे नाव युआन फंगमिंग. (वांग युआनशी असलेले नामसाधर्म्य कानापुरतेच आहे, चिनी लिपीत ती अक्षरे निराळी आहेत.) वय सोळा. बाप मजुरीसाठी गेला आणि कित्येक महिने त्याची खबर नाही, पैसे नाहीत, म्हणून शाळा सोडून हा मजुरांच्या नाक्यावर येऊन उभा राहिला आहे. तेथे त्याला दोन पुरुष भेटतात, सुंग आणि थांग. ह्या दोघांचा धंदा असा : एखाद्या एकाकी मजुराला गोड बोलून आपला नातलग म्हणून खाणीत कामाला लावायचे, काही दिवसांनी खाली अंधारात त्याला कुदळीने ठार मारायचे, वरून दरड कोसळविल्याचा देखावा करायचा आणि मग छाती पिटीत खाणमालकाकडून नुकसानभरपाई घ्यायची. मालकाची खाणही बेकायदा असल्यामुळे तो पोलिसांना बोलावीत नाही. तो फक्त घासाघीस करतो. चित्रपटाच्या आरंभीच असा एक माणूस मारला जातो. त्याचेही आडनाव युआनच. तो त्या मुलाचा बाप होता असे चित्रपट ठणकावून सांगत नाही. मुलाजवळ कुटुंबाचा एक फोटो आहे, तो सुंगच्या हाती पडतो आणि त्याचा चेहरा बदलतो, एवढेच आपण पाहतो.

म्हणजे हा मुलगा ज्यांना काका म्हणतो, पहिल्या पगारातून ज्यांच्यासाठी कोंबडी विकत आणतो, त्यांनीच त्याच्या बापाला मारलेले आहे आणि आता त्याची पाळी आहे. सुंगला स्वतःचा मुलगा आहे. तोही शाळेत आहे आणि त्याच्या फीचे पैसे सुंग ह्याच धंद्यातून पाठवितो. मुलाला मारण्याची वेळ आली म्हणजे तो सबबी काढतो. पोराने अजून दारू चाखली नाही, बाईचे तोंड पाहिले नाही, त्याला असेच कसे मारायचे? म्हणून ते त्याला वेश्येकडे नेतात. मुलगा तेथून रडत बाहेर येतो, आपण आता वाईट झालो म्हणून. पुढे टपालकचेरीत तीच मुलगी त्याच्या दृष्टीस पडते. तीही घरी पैसे पाठवायला आलेली असते. येथे आम्ही स्पष्टच लिहितो की हा चित्रपट मुलाबाळांसह पाहण्याजोगा नाही. परंतु त्या टपालकचेरीतील क्षणात जेवढा धर्मविचार आहे तेवढा अनेक सोज्ज्वळ भक्तिचित्रपटांत आम्हांस आढळलेला नाही. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी विश्वपत्र लिहिले तेव्हा सावधगिरीवर भर होता, तो रास्तच होता. तरीही १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने जी पंचेचाळीस चित्रपटांची यादी काढली तीत ‘बायसिकल थीव्हज’ होता; चोरी करताना पकडल्या गेलेल्या बापाचा हात धरून चालणारा मुलगा त्यात आहे.

सुंगचा हात अडखळतो तो कशामुळे? केवळ दयेने नव्हे. तो म्हणतो, बाप गेलाच आहे, आता हा पोरही मेला तर युआनांचा वंशच बुडेल. हे वाक्य एका खुन्याच्या तोंडी आहे! मेन्शियसच्या शिकवणीनुसार पितृद्रोहाच्या प्रकारांत निर्वंश होणे हा सर्वांत मोठा. अडीच हजार वर्षांची ती शिकवण क्रांतीने मोडली, बाजाराने तिचा उरलासुरला भाग विकून खाल्ला, आणि तरी कोळशाच्या राखेत एक निखारा राहावा तशी ती ह्या माणसात शिल्लक आहे. माणूस मारताना जो कचरत नाही तो वंश मारताना कचरतो.

हेच मेन्शियसवचन आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही आडवे आलेले आहे. येशूसंघीय मत्तेओ रिच्ची ह्यांनी १५७८ ते १५८२ ही वर्षे भारतात काढली. गोव्यात त्यांनी शिक्षण व अध्यापन केले, कोचीन येथे १५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि गोव्याहूनच ते मकावला रवाना झाले. १६०३ साली त्यांनी चिनी भाषेत परमेश्वराविषयीच्या सत्यार्थाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चिनी पंडित विचारतो की तुमचे धर्मगुरू लग्न करीत नाहीत, हा पितृद्रोह नव्हे काय? आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न आपल्याच आजीने विचारल्यासारखा वाटतो. रिच्चींनी उत्तरात चिनी परंपरेतील निपुत्रिक सत्पुरुषांची उदाहरणे दिली आणि मग सांगितले की माणसाला तीन पिते असतात : स्वर्गाचा प्रभू, देशाचा राजा आणि घरचा बाप. त्यांच्या आज्ञा एकमेकींच्या विरुद्ध गेल्यास वरच्या पित्याचे ऐकावे. त्यात खालच्याचा अपमान नाही.

ही बैठक टिकली असती तर! रिच्चींनी आपल्या चिनी ख्रिस्ती लोकांना मृत वडिलांच्या नावाची लाकडी पाटी घरात ठेवू दिली, तिच्यापुढे झुकू दिले. ही पूजा नव्हे, आदर आहे, असे त्यांचे मत. १७०० साली खांगशी सम्राटानेही हेच सांगितले. परंतु नंतर आलेल्या इतर संघांच्या धर्मप्रचारकांस ते मूर्तिपूजन वाटले. वाद रोमपर्यंत गेला आणि १७०४, १७१५ व अखेरीस १७४२ साली पोपमहाशयांच्या आदेशांनी हे विधी निषिद्ध ठरले. (दोनच वर्षांनी, १७४४ मध्ये, दक्षिण भारतातील मलबार विधींवरही असाच निर्बंध आला.) दरम्यान युंगचंग सम्राटाने १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती. ह्या वादातील ईश्वरविज्ञान बाजूला ठेवू. रोमने सद्हेतूने निर्णय केला ह्याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्याचा अर्थ एखाद्या चिनी शेतकऱ्याच्या घरात काय झाला? बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाने मेलेल्या बापाच्या नावापुढे वाकायचे नाही, म्हणजे भावकीच्या दृष्टीने त्याने बाप टाकला. मुलगा स्वर्गातील पित्याकडे गेला आणि घरच्या पित्याला मुकला. ८ डिसेंबर १९३९ रोजी बाराव्या पायस ह्यांच्या कारकिर्दीत ती परवानगी पुन्हा मिळाली. मधली दोनशे वर्षे कोणालाच परत करता आली नाहीत.

हा चित्रपट ज्या कथेवरून घेतला तिचे नाव ‘शन-मू’, म्हणजे ‘पवित्र लाकूड’. ते कोळशाचे नाव आहे. परंतु ते प्रथम ऐकले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आली ती वडिलांच्या नावाची ती लाकडी पाटी. कथेचे लेखक ल्यू छिंगबांग ह्यांचा जन्म १९५१ मध्ये हनान प्रांतात झाला. त्यांनी नऊ वर्षे स्वतः कोळसाखाणीत काम केले आणि नंतर कोळसा उद्योगाच्या वृत्तपत्रात पत्रकारी केली. त्यामुळे त्यांच्या लेखनात खाणीचा अंधार हे प्रतीक नाही, ती कामाची जागा आहे. सरकारी आकड्यांनुसारच २००२ ह्या एका वर्षात चीनच्या कोळसाखाणींत सुमारे ७,००० माणसे दगावली. छोट्या खाणी बंद झाल्या, कायदे कडक झाले, तशी ही संख्या पुढील दोन दशकांत काही शेकड्यांपर्यंत उतरली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु मरण इतके स्वस्त आणि नित्याचे होते म्हणूनच त्यात एक खून लपविता येत होता.

आणि हे कल्पित नव्हते. नातलग भासवून मजुरांस मारण्याचे गुन्हे चीनमध्ये प्रत्यक्ष घडले होते. इतकेच नव्हे, तर चित्रपटानंतर अशा गुन्ह्यांना त्याचेच नाव पडले. २०१६ साली आतल्या मंगोलियात ७४ जणांवर एकूण १७ खुनांचे आरोप ठेवण्यात आले, तेव्हाही वर्तमानपत्रांनी ‘आंधळी खाण’ हाच शब्द वापरला.

बाप घर का सोडतो, ह्या प्रश्नाचे उत्तर मिंग काळात सरकारी वेठ हे होते. १९५८ सालच्या कायद्याने चीनमध्ये प्रत्येकाची नोंद त्याच्या जन्मगावाशी जखडली गेली. पुढे शहरांना मजूर हवे झाले, तेव्हा माणसे गेली पण नोंदी गावीच राहिल्या. मुलाला शहरातील सरकारी शाळेत सहजी प्रवेश मिळेना, म्हणून मुले आजीआजोबांकडे राहिली. अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या २०१३ साली तेथील महिला महासंघाने सहा कोटी दहा लाख सांगितली होती. २०१६ मध्ये सरकारने व्याख्या बदलली आणि ती नव्वद लाखांवर आली. व्याख्येने मुले घरी येत नाहीत. वांग बिंग ह्यांच्या ‘तीन बहिणी’ (२०१२) ह्या अनुबोधपटात यूनानच्या डोंगरातील तीन लहान मुली जवळजवळ एकट्याच राहतात. मजुरीला गेलेला बाप येतो, धाकट्या दोघींना शहरात घेऊन जातो. थोरली, दहा वर्षांची, मेंढरांपाशी मागे राहते. तिला परवडत नाही, एवढेच कारण. आखातातून दोन वर्षांनी येणाऱ्या बापाला न ओळखून आईच्या पदराआड लपणारी मुले आपल्या धर्मग्रामांतही होऊन गेली आहेत; त्या घरांना हे चित्र अधिक खुलवून सांगावयास नको.

राहता राहिला शेवट. आणि त्याबाबत दिग्दर्शकाशी आमचा मतभेद आहे. चित्रपटात अखेरीस खाली खाणीत थांग सुंगवर घाव घालतो, मरता मरता सुंग थांगला पाडतो, मुलगा पळून वर येतो आणि सुरुंगाच्या स्फोटात दोघे संपतात. कागदोपत्री मुलगा सुंगचा पुतण्या आहे. खाणमालक त्याच्यापुढे कागद ठेवतात, नुकसानभरपाई देतात. मुलगा गोंधळलेला आहे, आणि ते पैसे त्याच्या हाती पडतात. स्मशानभट्टीच्या धुराड्यातून निघणारा धूर पाहत तो उभा राहतो आणि चित्रपट संपतो. बापाच्या मारेकऱ्याचा वारस म्हणून बापाची किंमत मुलाला मिळाली. हा उपरोध कमालीचा धारदार आहे आणि समीक्षकांनी त्याची तारीफ केली ती अस्थानी नाही. युआन फंगमिंगची भूमिका करणारा वांग बाओछ्यांग स्वतः हपैच्या खेड्यातून पोट भरण्यासाठी बीजिंगला आलेला, बांधकामावर राबलेला मुलगा होता. त्याला त्या वर्षी तैवानचा नवोदित नटाचा पुरस्कार मिळाला. त्याच्या त्या शेवटच्या चेहऱ्यावर काहीच नाही, आणि तेच सर्वांत भयंकर आहे.

मात्र ल्यू छिंगबांग ह्यांच्या कथेत असे घडत नाही. तेथे शेवटच्या क्षणी सुंग स्वतःच वरची दरड ओढून घेतो. तो मुलाला सांगतो की मी तुझा सख्खा काका असल्याचे सांग आणि मालकाकडून पैसे घेऊन घरी जा, शाळेत जा. एका खुन्याने केलेले ते एकमेव दान आहे आणि त्यासाठी मुलाने फक्त एक खोटे बोलायचे आहे. मुलगा वर येतो आणि मालकाला सर्व काही खरे सांगतो. हा माणूस माझा काका नव्हता. मालकाने मग भरपाई कशाला द्यावी? तो घरी जाण्यापुरते वाटखर्चाचे थोडे पैसे देतो.

दिग्दर्शकाला हा शेवट कदाचित भाबडा वाटला असेल. आम्हांस तो अधिक कठोर वाटतो. चित्रपटातील मुलगा व्यवस्थेत ओढला जातो. कथेतील मुलगा ती नाकारतो आणि त्याला कोणी शाबासकी देत नाही. त्याच्यासाठी कोणी भिक्षू पेज घेऊन उभा नाही, मठाच्या चुलीपुढे कोणी म्हातारा बसलेला नाही. पाठीवर अंथरुणाची वळकटी आणि शाळेचे दप्तर घेऊन तो एका ओसाड टेकाडावरून अडखळत चालला आहे. बाप सापडलेला नाही, कमाईही झालेली नाही. घरी जावेसे त्याला वाटत नाही. आणि घरी न जावे तर कोठे जावे, हेही त्याला कळत नाही.